ब्रिजिटचं कापड आणि माझा ड्रायर

आमच्या शेजारणीने संत ब्रिजिटसाठी झुडपावर घातलेलं पवित्र कापड मी गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये टाकलं, ही गोष्ट खरी आहे.

पण माझीही बाजू ऐकून घ्या. एकतर अमेरिकेतल्या, वायव्य कोपऱ्यातल्या बॉथेलमधला जानेवारी. इथे जानेवारीत पाऊस पडतोय म्हणावं तर अंगावर थेंब दिसत नाही, आणि पडत नाही म्हणावं तर बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की केस ओले होतात. आभाळ खाली उतरून थेट घरांच्या छपरांवर बसलेलं असतं. चार वाजता दिवस आवरायला घेतो. मागची उंच देवदारं कमरेपर्यंतच दिसतात, वर धुक्यात गेलेली. अशा वेळी माणूस अर्धा झोपेतच असतो. मी तर मीटिंगमधून उठलो होतो, म्हणजे पाऊण झोपेत!

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो आणि बघतो तर काय, आमच्या आणि नोराच्या घरामधल्या झुडपावर एक लांबलचक पांढरं कापड वाळत घातलेलं आणि त्या भुरभुर पावसात मजेत भिजतंय.

आता मला सांगा, वाळत घातलेलं कापड पावसात भिजताना बघून कुठला मराठी माणूस डबा ठेवून शांतपणे घरात जाईल? आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगमध्ये पाऊस आला की 'कपडेऽऽ!' अशी एक आरोळी उठायची आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याने काढायचं. कुणाची दोरी, कुणाचे कपडे, हा प्रश्नच नसे. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे परकर मी शाळेच्या वयात कित्येकदा वाचवलेत! त्यातून आमच्या इथल्या घरमालकांच्या असोसिएशनचा नियम आहे, की घराबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. आदल्या उन्हाळ्यात आईने डेकवर एक साडी टाकली होती, तर फोटोसकट ईमेल आली. (फोटोत साडी फार सुरेख दिसत होती. आईने तो फोटो बहिणीला पाठवायला लावला.)

तर मी एका दगडात दोन पक्षी मारले असं मला वाटलं. नोराचं कापड भिजण्यापासून वाचवलं आणि नोराला असोसिएशनपासून.

नोरा म्हणजे आमची उजवीकडची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या केसांचा पिटुकला बुचडा, चालताना थोडी डावीकडे कलणारी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून लग्न करून इकडे आली, ती इथलीच झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी ऊना, ती तिकडे अ‍ॅशबर्नला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नोरा ऊनाकडे जाणार होती आणि तिला एअरपोर्टला मीच सोडणार होतो. अशा बाईचं कापड ओलं कसं ठेवायचं?

आणि नुसतं वाळवून तरी कसं द्यायचं? त्याला एका कडेला शेवाळ लागलं होतं, एक कुजकं पान चिकटलं होतं. म्हटलं, करायचं तर नीट करावं. मशीनमध्ये घातलं, पाणी कडकडीत गरम, साबण जरा जास्तच. मग ड्रायर, तोही फुल. वर लॅव्हेंडरच्या वासाचा एक कागद टाकला. नोराला वास आवडेल म्हणून!

बाहेर काढलं आणि इस्त्री करायला घेतलं, तेवढ्यात माझी बायको केतकी तिची मीटिंग संपवून खाली आली.

"हे काय रे?"

"नोराचं कापड. पावसात विसरली बिचारी."

"टेबलक्लॉथ आहे?"

"नाही गं. ओढणीएवढं तरी होतं."

केतकीने ते उचलून स्वतःच्या अंगाला लावून बघितलं. ते गळ्यापासून कमरेपर्यंतही धड पोचत नव्हतं. "ओढणी? कुणाची, बाहुलीची?"

मी म्हटलं, तुला भूक लागलीय, तू चिडचिड करू नकोस. (लग्नाला अठरा वर्षं झाली तरी मी हे वाक्य वापरतो. अजून एकदाही उपयोग झालेला नाही.)

तोवर दार उघडलं आणि आई आली. आई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, आणि त्या सहा महिन्यांतला बराचसा वेळ ती नोराकडेच असायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईच्या इंग्रजीत फक्त वस्तू आणि हातवारे असतात, क्रियापदाचं तिला कधी काही अडलेलं नाही. पण एकदा नोराने बाटलीत साय घालून लोणी काढायला सुरुवात केली, आईने ती बाटली तिच्या हातातून काढून घेतली, घुसळून असा गोळा आणून दिला की नोराने तिच्या गालाचा मुकाच घेतला. तेव्हापासून त्यांचं जमलं ते जमलंच. त्या दिवशीही दोघींनी दुपारभर बसून तळ्याकाठच्या लव्हाळ्याचे क्रॉस विणले होते. असला एक क्रॉस दारावर लावला की वर्षभर घराला काही होत नाही म्हणे, आपण तोरण लावतो तसं. आईच्या हातात दोन होते.

तिने चपला काढल्या, क्रॉस टेबलावर ठेवले, सवयीने खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई! झुडपावरचं कापड कुठे गेलं?"

मी अभिमानाने इस्त्रीच्या टेबलाकडे हात केला. "काढलं मी. भिजत होतं."

आईने डोक्याला हात लावला. "अरे मेल्या, ते वाळत नव्हतं घातलं! ते भिजायलाच घातलं होतं!"

आयुष्यात मी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलणी खाल्ली आहेत. पण कापड भिजायला बाहेर घालतात हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"सांगितलं होतं!" आई म्हणाली. "परवा जेवताना सगळं सांगितलं. तू 'हं हं' म्हणालास."

"मला वाटलं तू सिरियलचं सांगतेयस."

मग तिने पुन्हा सगळं सांगितलं. उद्या एक फेब्रुवारी, संत ब्रिजिटचा दिवस. तिकडे आयर्लंडात तेव्हापासून वसंत ऋतू लागतो. आदल्या रात्री ही ब्रिजिट गावातून फिरते, अंगावर पांढरी शाल, मागून तिची गाय. ज्यांच्या झुडपावर कापड असेल, त्यावर ती जाता जाता हात ठेवते. रात्रभर ते दवात भिजतं. मग ते कापड वर्षभर जपून ठेवायचं. डोकं दुखलं, बांधा. गाय अडली, तिच्या पाठीवर घाला. आणि बाई बाळंत होत असेल तर तिच्याजवळ ठेवा.

"आणि सकाळी बघायचं, कापड वाढलंय का," आई म्हणाली.

"वाढलंय म्हणजे?"

"लांबीला रे! एवढंसं वाढतं म्हणे. वाढलं की समजायचं, ती येऊन गेली."

आम्ही तिघांनी इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं. तिथे जे पडलं होतं, ते वाढण्याच्या बरोबर उलट दिशेला बरंच लांब गेलं होतं!

"कोरं कापड होतं," आई हळूच म्हणाली. "तिच्या बहिणीने गावाहून पाठवलेलं. पाणी लागलेलं नव्हतं त्याला अजून."

"ऊनासाठी?" केतकीने विचारलं.

आईने मान डोलावली. ऊनाचं आम्हाला माहीत होतं. याआधी दोनदा आशा लागली आणि दोनदा सुटली. आता चाळिशीला आलेली, दिवस भरत आलेले, रक्तदाब वर जात होता म्हणून डॉक्टरांनी झोपवूनच ठेवलं होतं. नोरा त्या सगळ्यात काय करू शकत होती? मशीनं, सलाइनं, डॉक्टर, सगळं तिकडे होतं. तिच्या हातात करण्यासारखं होतं ते एवढंच, की कापड झुडपावर घालायचं आणि सकाळी उचलून मुलीकडे न्यायचं. ते कापड मी लॅव्हेंडरच्या वासासकट आटवून ठेवलं होतं.

"ओढून बघू या," मी म्हटलं.

(इथे थांबायला हवं होतं. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे थांबलो नाही.)

कापड पुन्हा ओलं केलं. एक टोक केतकीने धरलं, एक मी. "हळू," आई म्हणाली. आम्ही हळू ओढलं. वाढेना. "थोडं जोरात," मी म्हटलं. थोडं जोरात ओढलं. जरासं वाढल्यासारखं वाटलं. मला हुरूप आला. मी पाय सोफ्याला टेकवला.

चर्रर्र!

केतकी तिच्या टोकासकट खुर्चीवर बसली.

"आत्ताच्या आत्ता जा," ती म्हणाली, "आणि तिला सांगून ये."

"सांगेलच तो," आई म्हणाली. "पण नुसतं सांगून काय उपयोग? झुडूप रिकामं पडलंय तिकडे. ती बाई येऊन गेली म्हणजे?" आणि खोलीत जाऊन ती तिची एक जुनी पांढरी सुती साडी घेऊन आली, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. ऊनाच्या बाळासाठी दुपटी शिवायला म्हणून तिने ती पुण्याहून आणली होती. काठ बाजूला काढला, कात्री घेतली आणि आपल्या नेहमीच्या अंदाजाने टरकन एक तुकडा फाडला. "तू सांग जा तिला. तोवर मी हे घालते."

शेजारच्या दारापर्यंत जायला किती वेळ लागतो? मला बराच लागला. धुकं आता जमिनीवर उतरलं होतं. नोराच्या खिडकीतला पिवळा उजेड त्यात विरघळून अंगणभर पसरला होता, आणि त्यातून चालताना मला आपण कुणाच्या तरी स्वप्नात न विचारता शिरलोय असं वाटत होतं. वाक्य मनात तयार केलं होतं: 'नोरा, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय.' दार वाजवलं.

आतून नोराचा आवाज आला, पण नेहमीचा नव्हे. मोठा, खणखणीत, गाण्यासारखा! "येऊ दे तिला! येऊ दे! हे तिचंच घर आहे!"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

दार उघडलं. नोराच्या हातात डाव होता आणि डोळे लकाकत होते. मला बघून ती क्षणभर थांबली, मग हसायला लागली. "तू होय! चालेल, चालेल. तूही चालशील!"

"नोरा, एक छोटासा..."

"आधी हे धर." तिने दाराशी ठेवलेला लव्हाळ्याचा भारा माझ्या दोन्ही हातांत दिला. "आता उंबरा ओलांड. उजवा पाय."

मी उजवा पाय टाकला. (पुढच्या वेळी माप ओलांडायची वेळ आली तर मला अनुभव आहे.)

"लहान होते तेव्हा आमच्या घरी मी ब्रिजिट व्हायचे," नोरा सांगू लागली. "घरातली मुलगी बाहेर जाते, लव्हाळं घेऊन दार वाजवते, आणि आतले सगळे ओरडतात, येऊ दे तिला! मग ऊना व्हायची. ती गेल्यापासून दार वाजवायला कुणीच नाही. तरी दर वर्षी मी स्वयंपाक करून बसते. वाट बघते असं नाही, पण कान असतो दाराकडे." तिने डोळे पुसले. "आज इतक्या वर्षांनी दार वाजलं, निखिल! ऊनाची एवढी काळजी लागलेली आणि आजच वाजलं. हे शुभच आहे की नाही, सांग."

आता तुम्हीच सांगा, काय सांगणार होतो मी? हातात लव्हाळं, डोक्यावर अख्ख्या संताचा मान! मी वाक्य जुळवायच्या आत नोराने मला टेबलाशी बसवून समोर कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर ठेवला, त्याच्या शिखरावर खड्डा करून त्यात आईने काढलेलं लोणी सोडलं. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने त्यात वाढलं.

घरी आलो तो हातात डबा, खिशात लव्हाळ्याच्या काड्या आणि तोंडात बटाटा. आई दारातच उभी होती. तिचं काम झालेलं होतं. झुडपावर पांढरा तुकडा टांगलेला दिसत होता.

"सांगितलंस ना तिला?"

"हं हं," मी म्हणालो.

पहाटे मला जाग आली. खरं म्हणजे झोप लागलीच नव्हती. बटाटा पचला नव्हता आणि न सांगितलेलंही. जिन्यातला दिवा लावून खाली आलो आणि खिडकीशी उभा राहिलो. म्हटलं, निदान हे दुसरं कापड तरी कुणी उचलू नये! बाहेर नुसतं दूध सांडल्यासारखं धुकं. झाडं नाहीत, रस्ता नाही, शेजारची घरं नाहीत. पागोळ्या टपटपत होत्या तेवढाच आवाज. मी काचेला कपाळ टेकवलं आणि बहुतेक उभ्या उभ्याच डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा झुडपापाशी ती उभी होती.

पांढरी शाल. डोक्यावरून घेतलेली. पाय दिसत नव्हते, ती धुक्यावर नुसती ठेवल्यासारखी होती. तिने हात पुढे केला आणि अगदी सावकाश, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, कापडावर ठेवला. आणि तिच्या मागून, देवाशपथ सांगतो, एक गाय आली! बारीक अंगाची, मऊ डोळ्यांची, बिनशिंगांची. तीही थांबली. दोघी तशाच उभ्या.

मी कंपनीत ऑटोमेशन करतो, माझा कशावर विश्वास नाही. पण हात आपोआप जोडले गेले. मनात म्हटलं, बाई, चुकलो. माझ्यावर काय रागवायचं ते रागव, पण त्या ऊनाचं नीट कर.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. काचेजवळ आली. आणि म्हणाली,

"चहा टाकलास का?"

शालीखाली आईची माकडटोपी होती. गाय दचकून कुंपणावरून उडी मारून गेली, कारण ती हरणी होती. आमच्याकडे त्या रोज येतात आणि आईची कोथिंबीर खातात.

"तू काय करत होतीस तिथे?" मी दार उघडून कुजबुजलो.

"भिजून जड झालं होतं. म्हटलं, पडायला नको खाली." आई टोपी सारखी करत म्हणाली. "आणि हात ठेवला जरा. देवीला काय, मदत झाली तर हवीच असते."

थोडं उजाडलं तशी नोरा बाहेर आली. कोट घातलेला, बॅग दारात तयार. हातात एक दोरा होता, तो तिने कालच कापडाच्या मापाने कापून ठेवला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं! मी चपला न घालताच बाहेर धावलो. पण तोवर तिने कापड झुडपावरून काढलं होतं आणि दोरा त्याला लावला होता.

दोरा संपला. कापड संपेना.

नोराने पुन्हा लावला. आईचा अंदाज म्हणजे आईचा अंदाज. चार माणसांचा भात लावते त्यात सहा जेवतात. कापड चांगलं वीतभर जास्त होतं!

"माझ्या आजीच्या वेळी," नोरा म्हणाली, "गव्हाच्या दाण्याएवढं वाढलं, तर तीन गावच्या बायका बघायला आल्या होत्या." तिने ते ओलं कापड छातीशी धरलं. "निखिल, तू पहाटे खिडकीत होतास. धुक्यातूनही तुझ्या दिव्याचा उजेड दिसला मला. काही दिसलं का रे?"

अर्धवट झोपेत माणसाच्या तोंडून खरं तेच निघतं. "दिसलं," मी म्हणालो. "पांढरी शाल होती. मागे गाय."

नोराने छातीवर क्रॉसची खूण केली. तिचे डोळे भरून आले. आणि माझ्या लक्षात आलं, की आता या जगात मला परत फिरायला वाट उरलेली नाही. बिनाचपलांचे पाय गारठले होते. कान मात्र तापले होते.

तेवढ्यात मागून आई आली, हातात चहाचे दोन कप. नोराच्या हातातलं कापड बघून तिचा चेहरा खुलला.

"नोरा! गुड? बिग? माय साडी!"

"तुझी...?" नोराने विचारलं.

"माय साडी! ओल्ड! सॉफ्ट!" आई म्हणाली. मग नोराचा चेहरा बघून ती थांबली. "निखिल. यस्टरडे. टॉक. नो?"

नोराने माझ्याकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. तिसरीत गणिताच्या पेपरावर मी स्वतःच तिची सही केली होती, तेव्हा ती अशी बघत होती.

"हं हं?" ती मराठीत म्हणाली.

मग आईने कप कठड्यावर ठेवले, घरात गेली आणि ते आटलेलं, फाटलेलं कापड घेऊन आली. नोरासमोर धरलं आणि सगळी हकिगत एकदाच, नीट, तिच्या इंग्रजीत सांगितली. "माय सन. मशीन. हॉट." दोन्ही हात लांब धरून तिने ते जवळ जवळ आणले. "देन हजबंड, वाइफ..." तिने हवेत रस्सीखेच केली. "चर्रर्र." आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

नोराने ते फाटकं कापड हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. कुठेतरी एक पक्षी धुक्यात ओरडला. मी म्हटलं, "नोरा, आय अ‍ॅम सो सॉरी," पण ते इतकं बारीक निघालं की मलाच ऐकू आलं नाही. मला खरंच रडू येत होतं.

"हे," तिने शेवटी साडीच्या तुकड्याला हात लावला, "रात्रभर बाहेर होतं?"

"ऑल नाइट," आई म्हणाली.

"भिजलं?"

"फुल!"

"आणि ही साडी तुझ्या अंगावरची?"

"माय. देन कट. बेबी वन. बेबी टू. बेबी थ्री." 'टू' म्हणताना तिने माझ्याकडे बोट केलं. याच साडीतून आम्हा तिघा भावंडांची दुपटी निघाली होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

नोराने मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "आणि हा," तिने आईला विचारलं, "हा ठीक निघाला?"

आईने उत्तर द्यायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला.

"हेल्दी," ती म्हणाली.

आणि नोरा हसायला लागली. हसता हसता ती पायरीवरच बसली, आई तिच्या शेजारी बसली, आणि दोघींची एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून मुरकुंडी वळली. मी अनवाणी उभा. केतकी खिडकीतून बघत होती आणि तिला अजिबात वाईट वाटत नव्हतं.

"तीन बाळंतपणं बघितलेलं कापड," नोरा डोळे पुसत म्हणाली. "ब्रिजिट काय नाव विचारून हात ठेवते थोडीच?" तिने साडीचा तुकडा घडी करून पर्समध्ये, अगदी पासपोर्टशेजारी ठेवला. फाटका तुकडाही घेतला. तो का, हे तिने सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

एअरपोर्टच्या रस्त्याला धुकं तसंच होतं. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे नुसते तरंगत चालले होते. नोरा खूप वेळ बाहेर बघत बसली होती. मग म्हणाली, "काल दार वाजवायला आलास, ते हे सांगायलाच ना?"

"हो."

"पण वाजवलंस तर खरं. ते माझं आहे. तेवढं मात्र आटवू नकोस हं."

मी वायपर चालू केले, पण भिजलं होतं ते काचेच्या आतल्या बाजूला.

पुढचे दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आईने तिच्या देवांशेजारी लव्हाळ्याचा क्रॉस ठेवला होता आणि दोघांनाही एकच उदबत्ती दाखवत होती. मग एका दुपारी, मी वीस लोकांना प्रेझेंटेशन देत असताना, फोन वाजला. नोराकडून एक फोटो आला होता. मी स्क्रीन शेअर करत होतो, त्यामुळे तो वीसही जणांना आला.

ऊना, दमलेली, हसणारी. तिच्या मुठीत माझ्या आईच्या साडीचं टोक, आणि त्याच तुकड्यात गुंडाळलेली एक लालबुंद मुलगी. दोघी सुखरूप. मुलीच्या डोक्यावर एक इवलीशी पांढरी टोपी होती. फाटक्या कापडातून नोराने शिवलेली! खाली लिहिलं होतं: 'निखिल, अगदी मापाचं आटलं होतं.'

मी मीटिंगमध्ये रडलो. मॅनेजरला वाटलं, आकडे वाईट आहेत.

आता ऊना, तिचा नवरा आणि ती मुलगी बॉथेललाच राहायला आलेत. दर वर्षी एकतीस जानेवारीला नोरा झुडपावर कापड घालते आणि केतकी मला सोफ्यावर, हात दिसतील असे ठेवून बसवते. आई पुण्याहून व्हिडिओ कॉल लावते आणि पहिलं वाक्य विचारते, "तो आत आहे ना?" मधली दोन वर्षं मात्र संध्याकाळी दार वाजवायचा मान माझाच होता. लव्हाळं घेऊन, उजवा पाय टाकून, मी आयर्लंडच्या संतिणीचं काम चोख केलं.

यंदा ती मुलगी तीन वर्षांची होत आली. हातात तिच्याच उंचीचा लव्हाळ्याचा भारा घेऊन ती धुक्यातून डुलत डुलत आली आणि आजीचं दार तिने दोन्ही मुठींनी बडवलं. आतून नोरा ओरडली, "येऊ दे तिला! हे तिचंच घर आहे!" आणि तिचा आवाज मध्येच फुटला. मी खिडकीतून बघत होतो. इतकी वर्षं अमेरिकेत आयटीत काढली, आजूबाजूला माणसं पटापट ले-ऑफ झाली, माझी नोकरी टिकली. शेवटी गेली ती ही दार वाजवायची नोकरी, आणि जागा घेतली एका जेमतेम तीन फुटी बाईने. तक्रार नाही. तिचा रेकॉर्ड माझ्यापेक्षा स्वच्छ आहे: तिने अजून कुणाचंही काही धुतलेलं नाही.